दुसरं प्रकरण काढायचं नाही

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. मला अक्षरओळख पाटीवर झाली नाही, 'जाहीर आवाहन' या दोन शब्दांवर झाली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, पुढं त्रिकोण काढले, त्याहून पुढं कलनाची गणितं सोडवली. एका बाजूला निषेध, दुसऱ्या बाजूला गणित. सगळ्यांच्याच घरी कागद असाच येतो, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

माझे वडील, मी त्यांना आप्पा म्हणते, बेळगावातल्या एका लहानशा वाचनालयाचे चिटणीस आहेत. तिथं पुस्तकांची कपाटं आहेत, वर्तमानपत्रांचं लांब टेबल आहे, पण ते चालवणाऱ्या मंडळाचं खरं काम पत्रकं काढणं. मराठी शाळेची तुकडी बंद झाली, पत्रक. कचेरीतून मराठीतला अर्ज परत आला, पत्रक. बसच्या पाटीवर गावाचं नाव एकाच लिपीत लागलं, पत्रक.

छापायला जाण्याआधी पत्रक मंडळासमोर मोठ्यानं वाचायचं, ही तिथली रीत. एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. एखाद्या वाक्यावर कुणीही 'कशावरून?' असं विचारू शकतो. विचारलं की वाचणारा थांबतो. मग एकतर आधार दाखवायचा, नाहीतर वाक्य खोडायचं. वय, मान, जात, शिक्षण काही आड येत नाही. मी शाळेत असताना आप्पांच्या शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी वाचलं, 'हजारोंच्या संख्येने लोक जमले होते.' मी म्हटलं, "कशावरून हजार?" सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पेन उघडलं आणि 'मोठ्या संख्येने' असं केलं. त्या दिवसापासून मला गणित आवडायला लागलं असं मी म्हणते तेव्हा मैत्रिणींना ते नाटकी वाटतं. वाटू दे.

मंडळाचा आणखी एक नियम होता, आणि तो वकीलकाकांचा. वकीलकाका म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, आप्पांचे जुने मित्र. तरुणपणी एका पत्रकापायी ते हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेले. त्या पत्रकात त्यांनी एका साध्या, कुणीही न नाकारलेल्या गोष्टीला पुरावा जोडला होता. समोरच्या वकिलानं नेमका तो पुरावा धरला, त्यातली फट दाखवली आणि सगळं पत्रकच खोटं ठरवलं. तेव्हापासून त्यांनी नियम घातला: जे कुणी नाकारलेलं नाही त्याला पुरावा द्यायचा नाही. पुरावा दिला की शंका तयार होते. मंडळात हा नियम सगळ्यांना तोंडपाठ. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसांचा नियम आहे, मी त्याला हसत नाही. पण माझं भांडण झालं ते याच नियमाशी.

एम.एस्सी.ला असताना मला भौमितिक बीजगणित भेटलं. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगते, अवघड नाही. सदिश म्हणजे दिशा असलेली लांबी, एक बाण समजा. दोन बाणांची बेरीज कशी करायची ते अकरावीत शिकवतात. गुणाकार मात्र दोन तऱ्हेचे सांगतात आणि दोन्ही लंगडे. एकात दिशा हरवते, दुसरा सपाट कागदावर चालतच नाही. भौमितिक बीजगणित म्हणतं, बाणांचा एकच गुणाकार घ्या. अट अशी की कुठल्याही बाणाला त्याच बाणानं गुणलं की त्याच्या लांबीचा वर्ग यावा. बाकी बेरीज-गुणाकाराचे नेहमीचेच नियम, फक्त क्रम उलटायची मुभा नाही. एवढ्यावरून भराभर गोष्टी निघत जातात. काटकोनातले दोन बाण एकमेकांच्या जागी ठेवले की चिन्ह बदलतं. दोघांची लांबी एक असेल तर त्यांच्या गुणाकाराचा वर्ग उणे एक येतो. शाळेत उणे एकच्या वर्गमुळाला 'काल्पनिक' म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं. इथं तेच सपाट कागदावरचा पाव वळसा होऊन समोर उभं राहतं.

मी हरखले. आणि पहिल्याच पानावर माझ्या तोंडून निघालं, कशावरून?

कारण पुस्तक म्हणत होतं, असा गुणाकार 'घ्या'. कुठून घेऊ? मागितली म्हणून वस्तू असते का? मी म्हणेन, शून्यानं गुणल्यावर एक येईल असा अंक घ्या. मागायला काही पडत नाही. पण तो अंक घेतला की शून्य आणि एक सारखेच होतात, मग सगळेच अंक शून्य होतात, बेळगाव ते कोल्हापूर अंतर शून्य होतं आणि सीमाप्रश्न एका ओळीत सुटतो. अटी दिसायला निरागस असतात. त्या एकमेकींचा गळा कधी धरतील सांगता येत नाही.

इथं भीती नेमकी अशी: एक लांबीच्या, काटकोनातल्या तीन बाणांना तीन अक्षरं म्हणा. एकच अक्षर शेजारी-शेजारी दोनदा आलं की दोन्ही गळतात. शेजारच्या दोन वेगळ्या अक्षरांची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं. आता एक लांबलचक शब्द घ्या आणि अक्षरं गाळत जा. तुम्ही एका क्रमानं गाळली, मी दुसऱ्या. तुमचं उत्तर अधिक आलं आणि माझं उणे, तर? तर ती वस्तू स्वतःच्याच उलट होते, म्हणजे शून्य होते, आणि तिच्यामागून सगळा डोलारा शून्य होतो. असं होत नाही. पण ते दाखवावं लागतं.

मी चाळलेल्या बऱ्याच उत्साही पुस्तकांत ते दाखवलेलंच नव्हतं. त्यांत या गुणाकाराची स्तुती होती. तो किती सुंदर, किती नैसर्गिक, जुनी पद्धत किती मागासलेली. मला ती भाषा ओळखीची वाटली. ती पत्रकाची भाषा होती, तीही मंडळासमोर न वाचलेल्या पत्रकाची. शेवटी एका कंटाळवाण्या, चित्रं नसलेल्या पुस्तकात सिद्धता सापडली आणि मी एका रविवारी ती समजून घेतली. रचना साधी आहे. अक्षरांचे जेवढे म्हणून गट पडतात, रिकामा गटही धरून, तेवढ्या वस्तू घ्यायच्या. दोन गटांचा गुणाकार म्हणजे दोघांत सामाईक नसलेली अक्षरं, आणि चिन्ह ठरतं किती जोड्या उलट्या क्रमात आहेत त्यावरून. मग तपासायचं की कंस कुठंही घातला तरी चिन्ह तेच येतं. ते येतं. वस्तू मागायची नाही, बांधायची. बांधली की तिच्या असण्याबद्दल कुणी काही बोलू शकत नाही.

पुढं मला निपाणीच्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवायची नोकरी लागली. सकाळची बस, संकेश्वरला उसाच्या ट्रॅक्टरमागं रखडणारी. वर्गातली मुलं आसपासच्या गावांतली. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, मध्ये कन्नड सक्तीनं, आणि बी.एस्सी.ला एकदम इंग्रजी. त्यांना गणित येत नाही असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे. मी एकदा तासाच्या शेवटी हाच गुणाकार मराठीत सांगितला, तर मागच्या बाकावरून प्रश्न आले. ते लिहून द्या मॅडम, मुलं म्हणाली. मी शब्द दिला.

योग असा की त्याच सुमारास वाचनालयानं वर्धापनदिनाला विज्ञान पुस्तिकांची माला काढायचं ठरवलं. आप्पांनी मंडळात सांगितलं, माझी मुलगी गणितावर लिहील. मंडळ खूश. मराठीत भौमितिक बीजगणित, सीमाभागातून, मुलीनं लिहिलेलं. पुस्तिका लिहून व्हायच्या आतच तिच्याबद्दलचं पत्रक तयार झालं असतं.

मी पुस्तिका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिली. सगळ्यांच्या संगणकावर असतं ते निळ्या चिन्हाचं सॉफ्टवेअर मी वापरत नाही. का, ते लोक विचारतात आणि उत्तर ऐकायच्या आधी मान हलवतात. तरी सांगते. त्यात कच्चं लिखाणही पहिल्या मिनिटापासून छापल्यासारखं दिसतं, आणि छापल्यासारखं दिसणारं वाक्य खोडायला हात धजत नाही. मी वापरते ते लाटेक. त्यात मजकूर साध्या अक्षरांत लिहायचा, हे प्रमेय आहे, ही सिद्धता आहे, इथं मागच्या अमुक प्रमेयाचा आधार घेतला आहे, असं शब्दांत सांगायचं. प्रमेयांचे क्रमांक आपण घालायचे नाहीत, ते यंत्र घालतं आणि कुठला आधार कुठं आहे ते तेच शोधतं. फाईल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही फुकट साधनात उघडते.

मंडळाची छपाई गेली कित्येक वर्षं एकाच दुकानात होते. दुकानाच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांकडं युनिकोडच्या आधीच्या काळातला मराठी फाँट आहे आणि मंडळाची सगळी पत्रकं त्यात. दुसऱ्या संगणकावर उघडली तर नुसती भुतं नाचतात. मी आप्पांना एकदा म्हटलं होतं, "तुमची सगळी चळवळ एका दुकानातल्या एका डब्यात हाय. तो डबा बंद पडला की तुम्ही मुके."

आप्पा म्हणाले, "अण्णा तो डबा बंद पडू देत न्हाय."

हा त्यांचा युक्तिवाद.

अण्णांनी माझी फाईल बघितली आणि आधी हात झटकले. "हे काय गं, नुसता मजकूर. मला नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये करून दे. सूत्रांचे फोटो काढून चिकटवतो."

"सूत्रांचे फोटो काढायचे न्हाईत अण्णा. चूक सापडली तर फोटो कसा दुरुस्त करणार?"

"चूक ठेवू नकोस म्हणजे झालं."

पण माणूस जिज्ञासू. मी त्यांच्या संगणकावर लाटेक बसवून दिलं आणि कसं चालवायचं दाखवलं. फाईल बदलली की दोनदा चालवायचं, हेही सांगितलं, कारण पहिल्या फेरीत यंत्र मागच्या वेळचे क्रमांक वापरतं आणि नवे टिपून ठेवतं. दुसऱ्या फेरीत खरं काय ते दिसतं. पुस्तिका पडद्यावर उमटली तेव्हा अण्णांनी चष्मा पुसला आणि समासाकडं बराच वेळ बघितलं. "समास बरा धरलाय," म्हणाले. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुरस्कारच.

मग मंडळासमोर वाचन झालं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, नेहमीसारखं. मी वाचत होते. पहिलं प्रकरण, बाण आणि गुणाकाराच्या अटी. मी मुद्दाम सावकाश वाचलं. गावाच्या नावातल्या एका वेलांटीवर तासभर कशावरून-कशावरून करणारी ती माणसं गप्प बसून होती. कौतुकानं मान डोलावत होती. 'असा गुणाकार आपण मागू' या वाक्यावर मी थांबले, सगळ्यांकडं पाहिलं. कुणीही विचारलं नाही. गणित म्हटलं की कशावरून विचारायचं नसतं, असं त्यांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक. शाळेनंच शिकवलं असणार.

दुसरं प्रकरण सुरू केलं. त्याचं शीर्षक 'असा गुणाकार खरोखर आहे'. अक्षरांचे गट, चिन्हांचा नियम, कंसांची तपासणी. थोडं पुढं गेल्यावर वकीलकाकांनी हात वर केला.

"हे प्रकरण कशासाठी?"

"गुणाकार आहे हे दाखवायला."

"नाही असं कुणी म्हणालंय का?"

"कुणी म्हणालं नाही काका. पण—"

"मग झालं." ते बाकीच्यांकडं वळले. "जे कुणी नाकारलं नाही त्याला पुरावा द्यायचा नाही. पोरीनं पहिल्या प्रकरणात किती छान सांगितलंय. सगळ्यांना पटलं. आता दुसऱ्यात ती म्हणणार, हे असलं तर असेल, थांबा, तपासते. वाचणारा म्हणेल, म्हणजे हिलाच खात्री नव्हती."

"मला खात्री नव्हतीच. म्हणून तर तपासलं."

"ते घरी तपासायचं. छापायचं नाही."

कुणीतरी म्हणालं, वाचकांना झेपणारही नाही एवढं. कुणीतरी म्हणालं, पानंही कमी लागतील. आप्पा चिटणीस म्हणून लिहून घेत होते, त्यांनी मान वर केली नाही.

मी म्हटलं, "पुढची सगळी प्रकरणं याच्यावर उभी आहेत. हे काढलं तर पुढचं काहीही सिद्ध होत नाही."

"पुढचं वाचलं की आम्ही," वकीलकाका म्हणाले. त्यांना मी आधी प्रत दिली होती. "काही अडत नाही. हे प्रकरण नसलं तरी वाक्यं सरळ लागतात. पटत नसेल तर काढून बघूया. उद्या अण्णांकडं."

मला ते चाललं. मी म्हटलं, बघूया.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांच्या दुकानात वकीलकाका, आप्पा, मंडळाचे आणखी काही सभासद आणि मी. लग्नपत्रिकांचे नमुने बाजूला सारून आम्हाला बाकडी दिली. अण्णांनी फाईल उघडली, दुसरं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवडलं, आणि माझ्याकडं पाहिलं. "काढू?"

"काढा."

त्यांनी काढलं आणि चालवलं. पुस्तिका पडद्यावर आली. अण्णा पानं सरकवत गेले. वळशाचं प्रकरण, आरशाचं प्रकरण. 'प्रमेय २.३ नुसार', 'व्याख्या २.१ पाहा'. सगळं जागच्या जागी, सगळं गुळगुळीत.

वकीलकाका म्हणाले, "बघ. काही बिघडलंय का? उगीच हट्ट तुझा."

अण्णा कळफलकावर बोट टेकवून विचार करत होते. "दोनदा चालवायचं सांगितलं होतंस नव्हं?"

"व्हय."

त्यांनी परत चालवलं.

या वेळी पानं आली ती भोकं पडल्यासारखी. 'प्रमेय ?? नुसार हे दोन वळसे जोडता येतात.' 'व्याख्या ?? वरून स्पष्ट आहे.' 'प्रमेय ?? नसते तर ही पायरी चुकली असती.' ठळक, जाड प्रश्नचिन्हं. अण्णा सरकवत गेले तशी ती येत गेली, एकही प्रकरण सुटलं नाही. शेवटचं पान तर आधारांनीच भरलेलं होतं, ते वाचवत नव्हतं.

"हे काय झालं?" आप्पांनी विचारलं. दोन दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले.

"जिथं-जिथं दुसऱ्या प्रकरणाचा आधार घेतलाय, तिथं यंत्राला आता आधार सापडत न्हाय," मी म्हटलं. "नाही सापडला की ते खोटं बोलत न्हाय. प्रश्नचिन्ह ठेवतं."

वकीलकाकांनी खुर्ची पुढं ओढली आणि एक पान नीट वाचलं. त्यांचा चेहरा बघून मला क्षणभर वाटलं की जिंकले. ते कागद वाचणारे गृहस्थ आहेत, भोक पडलेला कागद त्यांना कळतो.

ते म्हणाले, "अण्णा, तुमच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं तर ही चिन्हं येतात का?"

"न्हाय. तिथं क्रमांक हातानं टाकता येतात. काहीच टाकलं न्हाय तरी चालतंय. 'आधी सांगितल्याप्रमाणे' म्हणायचं."

"मग तसं करा. 'आधी सांगितल्याप्रमाणे' चांगलं आहे."

"आधी कुठं सांगितलंय काका?" माझा आवाज चढला आणि मी तो चढू दिला. "जे सांगितलंच नाही ते सांगितलं म्हणून छापायचं? मंडळाच्या एका तरी पत्रकात तुम्ही हे खपवून घेतलं असतं का?"

"पत्रक वेगळं. पत्रकावर खटला होतो. गणिताच्या पुस्तिकेवर कोण खटला भरणार गं?"

"म्हणजे खटल्याच्या भीतीपुरतं खरं बोलायचं."

एक सभासद म्हणाले, "अध्यक्षांशी बोलायची ही रीत न्हवं."

"कुणालाही विचारायची रीत आपलीच आहे," वकीलकाका त्यांना म्हणाले. रागावलेले नव्हते. थकलेले वाटले. "मतदान घेऊ. प्रकरण काढून छापायचं, बाजूनं कोण?"

हात वर झाले. आप्पांनी आधी वही मिटली, पेन खिशाला लावलं आणि हात वर केला. तोही बाजूनं. माझ्या विरोधात.

मी म्हटलं, "छापायचं असेल तर सगळं छापा. नाहीतर मी पुस्तिका परत घेते. माझ्या संमतीशिवाय छापता येत नाही, हे वकिलांना मी सांगायला नको."

"नको," वकीलकाका म्हणाले. "अण्णा, फाईल काढून टाका संगणकातून. तिच्यासमोर."

अण्णांनी काढली. नंतर सगळे उठल्यावर मला हळूच म्हणाले, "ते दोनदा चालवायचं सॉफ्टवेअर मात्र ठेवू का? समास बरा येतोय."

"ठेवा की."

घरी जाताना आप्पांनी गाडी सावकाश चालवली. त्यांना बोलायचं असलं की ते सावकाश चालवतात. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "वकिलाचा नियम त्यानं तुरुंगात बसून काढलाय."

"माहीत हाय मला."

"त्या नियमानं मंडळ टिकलंय."

"मंडळ टिकलं असंल. गणित टिकत न्हाय त्यानं. तुम्हाला ते प्रकरण कळलं न्हाय म्हणून हात वर केला का?"

"कळलं न्हाय हे खरं. पण म्हणून न्हवं. मंडळानं ठरवलं की मी मंडळाबरोबर. उद्या परत विचारलं तरी तसाच हात वर करीन."

"आणि मी परत तसंच लिहीन."

"लिही की. तुला कोण लिहू नको म्हणालंय?" मग जरा थांबून, "मी सगळ्यांना सांगून बसलोय तुझी पुस्तिका येणार म्हणून. आता नाही म्हणून सांगत फिरायचं."

त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं. मला ते दिसत होतं आणि तरी मी माघार घेतली नाही. इथं मी अपराधी वाटल्याचं लिहावं अशी काहींची अपेक्षा असेल. वाटलं नाही. बापाचा शब्द राहावा म्हणून 'आधी सांगितल्याप्रमाणे' असं खोटं छापून आणायचं, हे करायचं नाही, असं मी त्याच बापाच्या शेजारी बसून शिकले होते.

वर्धापनदिनाला मी गेले. मुद्दाम गेले, मागं बसले. गांडूळखतावरची पुस्तिका आली, रक्तदाबावरची आली. बऱ्या होत्या. मी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी प्रास्ताविकात गणिताचा विषय काढला नाही. एका बाईंनी मला बाहेर विचारलं, तुझी येणार होती ना गं. मी म्हटलं, एक प्रकरण काढा म्हणत होते, मी काढू दिलं नाही. त्यांना ते भांडणाचं कारण वाटलं नाही. "एवढंच?" म्हणाल्या.

एवढंच.

पुस्तिकेला छापखाना मिळाला नाही, पण माझ्या फाईलला छापखाना लागतही नव्हता. ज्याच्याकडं प्रिंटर आहे तो छापखाना. निपाणीला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं मी प्रती काढल्या, मधोमध दुमडून टाचून घेतल्या. मूळ फाईलही मुलांना दिली, जशीच्या तशी, मुखपृष्ठामागं एक ओळ घालून: बदला, चुका काढा, वाटा, फक्त काय बदललं ते लिहा. स्टाफरूममध्ये एकानं पुस्तिका चाळली आणि म्हणाला, सिलॅबसमध्ये नाही, मराठीत आहे, वर सिद्धता आहे. तीन गुन्हे एकदम. मी म्हटलं, बरोबर मोजलंत.

पुढच्या शनिवारी तास संपल्यावर मी थांबले. सात-आठ जण थांबले. बाकीच्यांची बस होती. मी मुद्दाम पहिलं प्रकरण बाजूला ठेवलं आणि फळ्यावर दुसऱ्याचं शीर्षक लिहिलं.

बेनाडीहून येणारी एक मुलगी पहिल्या बाकावर होती. वर्गात ती सहसा बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, हे उघडच न्हाय का? गुणाकार करायला लागलो की होतोयच की."

"होतोय असं वाटतंय. एका शब्दातली अक्षरं तू गाळ आणि तुझ्या शेजारणीलाही गाळू दे. वेगवेगळ्या क्रमानं. चिन्ह एकच येतंय का बघा."

दोघी फळ्याशी आल्या. एकीनं डावीकडून सुरुवात केली, दुसरीनं उजवीकडून. पहिल्या शब्दाला चिन्हं जुळली. दुसऱ्या शब्दाला नाही. बेनाडीची मुलगी माझ्याकडं बघायला लागली, आणि मी फळ्याकडं बघत राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "गेलं मग सगळं."

"थांब रं," ती म्हणाली. तिनं आपली पहिली ओळ परत तपासली, मग शेजारणीची. शेजारणीचं एका अदलाबदलीला चिन्ह बदलायचं राहून गेलं होतं. दुरुस्त केल्यावर जुळलं. तिनं खडू खाली ठेवला नाही. "हे दोन शब्दांना जुळलं. सगळ्या शब्दांना जुळतंय कशावरून?"

मी तिला हे विचारायला शिकवलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "तेच या प्रकरणात आहे."

तिनं पुस्तिका उघडली. सिद्धता दोन पानं होती. ती वाचू लागली, ओठ हलवत, मध्येच मागं जात. बाहेर शेवटच्या तासाची घंटा झाली, कोल्हापूरकडची एक बस हॉर्न वाजवत गेली. मागच्या बाकावरचा मुलगा उठला, दारापर्यंत गेला आणि तिथूनच म्हणाला, "मॅडम, हे परीक्षेला येत न्हाय नव्हं?"

"येत नाही."

"मग बरं," तो म्हणाला, आणि परत येऊन बसला. "सावकाश करूया."